समोरचा माग

मी एक जुना हातमाग आहे, मित्रांनो, आणि आधीच कबूल करतो, मी मत्सरी आहे. तुमच्यापासून काय लपवायचे!

एकाच सुताराने एकाच महिन्यात आम्हा दोघांना घडवले, मला आणि समोरच्या मागाला. एका खोलीत समोरासमोर बसवले. माझ्यावर काम करणारा विणकर कामापुरतेच बोले, म्हणून सगळे त्याला अबोल म्हणत. समोर बसे त्याचा मित्र, गवई. अबोल घरी देवापुढे हात जोडायचा, गवई नमाज पढायचा. खोलीत मात्र दोघे एकाच संताची पदे गात. तो संतही शेकडो वर्षांपूर्वीचा विणकरच. राम म्हणा, रहीम म्हणा, ऐकणारा एकच, हे त्याचे सांगणे.

आमची चादर रुंद असे. अर्धी माझ्यावर, अर्धी समोर विणायची आणि मग मधोमध शिवून जोडायची. दोन्हींवरचे लाल पट्टे जुळावेत म्हणून दोघे एकच पद बरोबरीने गात. एका ओळीला आडवे सूत नेणाऱ्या धोट्याच्या ठरलेल्या फेऱ्या, आणि पद संपले की लाल पट्टा. मोजपट्टी कधी लागलीच नाही.

पण आलागेला थांबायचा तो समोर! "काय गळा आहे!" म्हणत त्या मागावरून हात फिरवायचा. गळा गवयाचा आणि लाड लाकडाचे! मी काय झोपा काढत होतो? माझा नुसता जळफळाट व्हायचा.

एकदा कुणी विद्वान आले. त्यांनी विचारले, "हे संत नेमके कुणाचे?"

"आमचे," दोघे एकदम म्हणाले, आणि एकमेकांकडे बघत राहिले.

मग वादाला तोंड फुटले. गवयाच्या घरी त्या पदाला शेवटी एक ओळ जास्त होती. इतकी वर्षे मैत्रीखातर तो ती गाळत आला होता. अबोल म्हणाला, "ती तुम्ही मागून घुसडलीत." झाले! त्या दिवसापासून दोघे आपापले पद मनातल्या मनात म्हणू लागले, गवई त्या जादा ओळीसकट. खोली गप्प झाली. मला आनंद झाला, खोटे कशाला बोलू? समोरच्याचे लाड थांबले होते ना!

तेव्हा आमच्यावर अबोलच्या लेकीची चादर होती, तिने सासरी न्यायची. गवयाची बहीण दोन भाग जोडायला बसली आणि ओरडलीच, "अरे, पट्टे बघा की! एक इकडे, एक तिकडे! आठ दिवसांत पोरगी निघणार. तुमचं भांडण पांघरून झोपायचं का तिनं?"

दोघांच्या माना खाली गेल्या.

"माझा भाग टाकू या," गवई म्हणाला.

"नको. तुझा राहू दे," अबोल म्हणाला. "मला ती ओळ शिकव."

म्हणजे माझीच मेहनत कात्रीखाली! मी आतून धुमसत होतो. नवा ताणा चढला. गवई स्टूल ओढून माझ्याशेजारी बसला आणि ती ओळ गायला, "शेजाऱ्याने दिवा लावला, उजेड माझ्या दारी आला." अबोल त्याच्या मागून म्हणू लागला, पण पहिल्या खेपेला त्याला ती पुरी करवली नाही, डोळे पुसावे लागले.

तो गळा इतक्या जवळून मी प्रथमच ऐकत होतो. आयुष्यभर हेच तर हवे होते मला. पण समोरचा माग रिकामा उभा होता, आणि त्याच्याकडे बघून मला काही केल्या सुख लागेना. माझीच मला लाज वाटली.

चादर वेळेवर गेली. आता ते दोघे नाहीत आणि आम्ही धूळ खात पडलो आहोत. परवा संग्रहालयाची माणसे आली होती. त्यांना एकच माग हवा आहे, गवयाचा. ऐकून मी पुन्हा जळलो. जित्याची खोड, दुसरे काय! मला निवडले असते, तर कदाचित मी गप्पही बसलो असतो. पण मित्रांनो, त्यांना एवढे सांगा, न्यायचे तर दोघांना न्या आणि समोरासमोर ठेवा. नुसत्या त्याच्यावर किंवा नुसत्या माझ्यावर कितीही विणा, चादर अर्धीच निघेल.