वोबेकाकांची तीनचाकी

नेदरलँड्सच्या फ्रीसलंड प्रांतातल्या एका गावात अग्निशमन दलातले सगळे स्वयंसेवकच. हिस्के शाळेत गणित शिकवायची आणि पेजर वाजला की दलाची प्रमुख व्हायची. तिच्या आधी एकोणीस वर्षं प्रमुख होते वोबेकाका. ते म्हणतील ती पूर्व दिशा, हे तिच्या अंगात भिनलं होतं, आणि तिथंच घात झाला.

रविवारी सकाळी पेजर वाजला तो नेमका काकांच्याच घरासाठी. त्यांच्या वारलेल्या बायकोची, आउक्येची, विजेवरची तीनचाकी सायकल पडवीत चार्जिंगला लावली होती; तिच्या बॅटरीनं पेट घेतला. पथकानं मास्क चढवले, काकांना धुरापासून लांब नेलं, पाण्याचा मारा केला. अर्ध्या तासात धूर थांबला, सायकल ओढून अंगणात आणली.

खरं काम त्यानंतरचं असतं. अशी बॅटरी वरून विझली तरी आतून धुमसत राहते मेली, आणि काही तासांनी, कधी दिवसांनी पुन्हा भडकते. म्हणून ती घरापासून लांब, उघड्यावर, पाण्याच्या टबात बुडवून ठेवायची. हिस्केनं टब उतरवायला सांगितलाही.

काका आडवे आले. बॅटरीचा डबा वितळून सायकलीला चिकटला होता, काढायचा तर सायकल कापावी लागणार. आउक्ये शेवटची समुद्र बघायला गेली ती याच सायकलीवरून. काकांनी पालथा हात डब्यावर ठेवला, जसा ते आयुष्यभर विझलेल्या तुळयांवर ठेवत आले होते.

"गार आहे पोरी. जे गार झालं ते मेलं. मी तुला शिकवलं, आता तू मला शिकवणार?"

सगळे हसले, हिस्केही हसली. उष्णता दाखवणारा कॅमेराही गारच सांगत होता. तो फक्त वरचं बघतो, हे तिला पाठ होतं. पण काकांना त्यांच्याच अंगणात नाही म्हणायला तिची जीभ रेटेना. निदान सायकल बाहेर तरी ठेवा, एवढं ती म्हणाली. ठेवतो, म्हणाले. ते ठेवणार नाहीत हे तिला कळलं होतं, म्हणूनच तिनं पुन्हा विचारलं नाही.

सोमवारी दुपारी वर्गात पेजर वाजला. पत्ता काकांचाच होता. सायकल पुन्हा पडवीतच होती, आणि तिची बॅटरी भडकली होती. काका आतल्या खोलीत आरामखुर्चीत जेवणानंतर डुलकी काढत होते. धुरानं त्यांना उठूच दिलं नाही.

प्रत्येक आगीनंतर सगळ्यांनी कॉफीला बसायचं आणि चुकलेल्यानं आपल्या तोंडानं चूक सांगायची, हा दलाचा रिवाज. तो काकांनीच पाडलेला. त्या दिवशीही सगळे कॉफीला बसले. काकांनी ऐकलं नाही, असं कोणीतरी पुटपुटलं.

"त्यांनी ऐकलं नाही, कारण मी सांगितलंच नाही," हिस्के म्हणाली. "मला भीड पडली."

सायकल कापून बॅटरी टबात गेली, काकांच्या अंगणात, भिंतीपासून लांब. भोवती धोक्याची पट्टी बांधली की दलाचं काम संपतं. हिस्केनं शाळेतून रजा काढली आणि पट्टीबाहेर खुर्ची टाकून बसली. तिसऱ्या दिवशी शेजारची फ्राउक्ये कॉफी घेऊन आली. घरात आता कोण आहे, राखण कुणाची करतेस, असं हळूच म्हणाली. मग पट्टीवरून वाकून तिनं टबाला हात लावला.

"गार झालीय गं. जा आता घरी."

हिस्केनं तिचा हात धरून मागे घेतला. तो सोडवेनाच तिला.

"असू दे," ती रडत म्हणाली. "उद्यापर्यंत बसते."