ट्रंकेतला कागद

गुरुवार, १२ सप्टेंबर २००२. सकाळी सव्वानऊ वाजता निर्मळ गावच्या जयवंतला वसईतल्या एका खासगी दवाखान्यात दाखल केलं. वय चौतीस. तीन आठवडे डोकं दुखत होतं, ताप होता, उलट्या होत्या. पहाटेपासून तो माणसं ओळखत नव्हता.

डॉ. क्लेमेंटीन यांनी त्याच्या तोंडात बॅटरीचा उजेड टाकला. जिभेवर आणि टाळूवर पांढरा थर होता.

"आधीचा काही आजार?"

"काही नाही," थोरला भाऊ आत्माराम म्हणाला. जयवंतची बायको वसुंधरा खाली बघत राहिली. जयवंतचा एचआयव्हीचा रिपोर्ट दीड वर्षापासून घरातल्या ट्रंकेत होता.

डॉक्टर दुसऱ्या पेशंटकडे वळल्या, तशी वसुंधरा हळूच म्हणाली, "भाऊजी, सांगून टाका."

"आणि मग? आपल्या वाडीतला सोनचाफा देवाला जातो. हे बाहेर फुटलं तर एक व्यापारी आपल्या करंडीला हात लावायचा नाही."

"पानवेलीवर रोग आला की काय करता तुम्ही?"

"आता वेल कुठून आली मध्ये?"

"पान खुडता, खिशात घालता, दुकानदारापुढे धरता. पान बघितल्याशिवाय औषध देऊ नको, असं त्याला बजावता. तिथे फार शहाणे. सख्ख्या भावाचा कागद मात्र ट्रंकेत."

"वेलीची बदनामी होत नाही, वसुंधरा."

"वेल मेली तर मागे राहायला तिला बायकोही नसते."

आत्माराम उठला. स्कूटर काढून तो निर्मळला गेला. चाळीस मिनिटांनी परत आला, तेव्हा कागद सदऱ्याच्या खिशात होता.

डॉक्टरांनी तो दोनदा वाचला. "एचआयव्हीने अंगातली ताकद संपवली की बुरशी धरते. तोंडात दिसतेच आहे. मेंदूच्या आवरणात दुसऱ्या जातीची बुरशी असू शकेल. पाठीच्या कण्यातलं पाणी आत्ताच तपासू."

"आणि माझी फुलं? ती देवाला जातात," आत्माराम म्हणाला.

"फुलांतून हा रोग जात नाही. ताटातूनही नाही."

दुपारी रिपोर्ट आला. बुरशीच होती. संध्याकाळी चौदा दिवसांच्या इंजेक्शनांतलं पहिलं सुरू झालं.

वाचकहो, हे औषध तीन आठवड्यांपूर्वीही मिळत होतं. डॉक्टरपासून आजार लपवून अब्रू वाचत नाही, उपचाराचे दिवस तेवढे जातात. एचआयव्ही असलेल्या माणसाचं डोकं दुखायचं थांबत नसेल, तोंडात पांढरा थर दिसत असेल, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा आणि सगळं सांगा.

सोमवारी दुपारी जयवंतने पाणी मागितलं. वसुंधराला ओळखलं, आत्मारामला नाही. इंजेक्शनचा तो पाचवा दिवस होता. आणखी नऊ दिवस बाकी होते.