झुपकेसर आणि सहा मीटर पाणी

माणसाला पाण्याखाली श्वास घ्यायला शिकवणं सोपं. तोंडात नळी द्यायची, पाठीवर सिलिंडर बांधायचा आणि बजावायचं, बाबा रे, श्वास तेवढा अडवू नकोस. चाळीस वर्षं मी कॉलेजच्या पोरांना हेच शिकवतोय. बुडबुड्यांना घाबरणारा पैलवान मी शिकवला. खाली गेल्यावर जी शिंकली आणि जिच्या शिंकेने पलीकडच्या तीन धक्क्यांवर भरती आली, तिलाही शिकवलं. पण झुपकेसरांनी मला जेवढं छळलं, तेवढं त्या भरतीनेही छळलं नव्हतं.

झुपकेसर हे जीवशास्त्राचे प्राध्यापक. नाव पोरांनीच ठेवलेलं, आणि कारण त्यांच्या नाकाखाली होतं. अशी मिशी मी तरी दुसरी पाहिली नाही. सर बोलायला लागले की आधी मिशी हलायची, शब्द मागून यायचे.

आठ विद्यार्थी आणि एक सर, अशी तुकडी माझ्याकडे आली होती. रविवारी दुपारी दोनला सर्वेक्षणाची बोट सुटणार होती, पाच दिवसांसाठी, बाहेरच्या बेटाकडे. तिथे पोरं समुद्राच्या तळावरची प्रवाळं मोजणार होती. कॉलेजची अट एकच: सोबतच्या शिक्षकाकडेही डायव्हिंगचं प्रमाणपत्र पाहिजे, नाहीतर कुणीच पाण्यात उतरायचं नाही. पोरं आठही पास झाली. अडले सर.

अडले कुठे, तर मास्कपाशी. सहा मीटर खाली गुडघे टेकून बसायचं, मास्कमध्ये थोडं पाणी घ्यायचं, वरची कड कपाळाशी दाबून नाकाने फुंकायचं की पाणी बाहेर. शाळकरी पोर करेल. सर फुंकायचेही झकास. पण वातीतून तेल चढावं तसं मिशीच्या केसाकेसातून पाणी परत आत यायचं. सर पुन्हा फुंकायचे, पाणी पुन्हा यायचं. शेवटी सरांचा धीर सुटायचा, आणि मी दंड धरून त्यांना सावकाश वर आणायचो. शनिवारी दोनदा असं झालं. दुसऱ्या वेळी तर एक बोटभर मासा शेवाळ समजून त्या मिशीत मुक्कामाला आला. खोटं सांगत नाही, त्याला बाहेर काढताना तो मला चावला.

मी व्हॅसलीन चोपडून पाहिलं. तीन वेगवेगळे मास्क लावून पाहिले. मग हात जोडून सांगितलं, सर, पूर्ण नको, नाकाखाली काडेपेटीच्या दोन काड्यांएवढी पट्टी काढा, रबराला टेकायला कातडी तर मिळू दे. सर म्हणाले, अर्धवट मिशी ठेवण्यापेक्षा मी अर्धवट डोकं ठेवीन. आणि वर मला शिकवायला लागले की सीलला मिशा असतात, वालरसला असतात, त्यांना कुठे कुणी प्रमाणपत्र विचारतं?

"सर," मी म्हणालो, "सील मास्क घालत नाही."

रविवारी सकाळी तिसरा प्रयत्न. तीच गत. मी धक्क्यावर बसून सिलिंडरचे पट्टे सोडत होतो, आणि सोडत होतो म्हणजे ओरबाडत होतो. पोरं ओल्या सुटात उभी. त्यांच्यात एक बारकीशी मुलगी होती, तिला सगळे टाचणी म्हणायचे. ती आकाराने तशी होती आणि बोलण्याने त्याहून जास्त. सगळ्या सर्वेक्षणाचा आराखडा तिचा. दीड वर्ष तिने त्यावर घालवलं होतं, दोन सुट्ट्यांत घरी गेली नव्हती. ती सरांसमोर येऊन उभी राहिली. मला वाटलं, आता रडणार. पण तिचा आवाज अगदी साधा होता.

"सर, मिशी दोन महिन्यांत परत येईल. ही बोट पुढच्या वर्षी येईल, तेव्हा मी कुठल्यातरी ऑफिसात पंख्याखाली बसलेली असेन."

सरांनी मिशीवरून हात फिरवला. मिशी दोनदा हलली, पण मागून शब्द आला नाही. मग एका पोराकडून दाढीचा वस्तरा मागून घेऊन ते कपडे बदलायच्या खोलीत गेले.

वीस मिनिटांनी एक गृहस्थ बाहेर आले. मी त्यांना सांगितलं, शौचालय डाव्या हाताला आहे. ते म्हणाले, "मी आहे." वरचा ओठ इतका पांढरा होता, जणू त्या जागेने कधी ऊनच पाहिलं नव्हतं. आठही पोरं एकदम आपापल्या बुटांच्या नाड्या बांधायला वाकली. पाण्याच्या बुटांना नाड्या नसतात.

आम्ही उतरलो. टाचणी जोडीदार म्हणून सोबत. सर गुडघ्यांवर बसले, पाणी घेतलं, फुंकलं. मास्क कोरडा ठणठणीत. मी मनात म्हटलं, सुटलो. आता होकायंत्र धरून सरळ रेषेत थोडं पोहायचं, तसंच परत यायचं, की झालं.

आणि सर हसले.

आता तुम्हाला सांगतो, हसलं की गालाला घडी पडते, आणि घडीतून पाणी शिरतं. मास्क भरला. सरांनी फुंकून रिकामा केला. आपल्याला जमलं म्हणून त्यांना इतका आनंद झाला, की पुन्हा हसले. पुन्हा भरला. पाण्याखाली कान दुखतोय याची खूण आहे, हवा संपली याची आहे, शार्कचीसुद्धा आहे. हसू नका याची खूण या धंद्यात कुणी काढलेली नाही. शेवटी मी पाण्याखाली लिहायच्या पाटीवर लिहिलं, "हसू नका." सरांनी वाचलं आणि असे हसले की आजूबाजूचे मासे पांगले. अकरा वेळा मास्क भरला, अकरा वेळा रिकामा केला. एवढी सफाई माझ्या चाळीस वर्षांत कुणी दाखवली नव्हती. पण अकराव्या वेळेपर्यंत सिलिंडरचा काटा लाल पट्टीवर आला होता. लाल पट्टी म्हणजे वर. होकायंत्राचं राहूनच गेलं.

वर आल्यावर सव्वा वाजला होता. बोटीवर खोकी चढत होती. पोरांपैकी एकजण म्हणाला, काका, तेवढं राहिलंय, सही करून टाका ना. मी त्याच्याकडे बघितलं आणि त्याने विषय बदलला. पोहून न आलेल्या माणसाला मी पोहून आला असं लिहीत नाही. माझ्या गोष्टींत कितीही भरती आली तरी कागदावर येत नाही. पण आतून मी इतका चिडलो होतो की स्वतःच्याच पायांतले फिन पाण्यात भिरकावून दिले, आणि मग तेच आणायला उडी मारावी लागली.

विश्रांतीला वेळ दिला आणि नवा सिलिंडर बांधला. सर अजून हसतच होते. म्हणत होते, अहो, पाण्याखाली इतकं स्पष्ट दिसतं हे मला माहीतच नव्हतं. टाचणी त्यांचा पट्टा आवळत होती. ती मान वर न करता म्हणाली,

"सर, एक विचारू? काकूंनी तुम्हाला बिनमिशीचं कधी पाहिलंय?"

सरांचं हसू जागच्या जागी विरलं.

"नाही," ते म्हणाले. "लग्नाच्या आधीपासून आहे."

"बरं. मग ते डोक्यात ठेवा, आणि चला."

खाली सर परीक्षेच्या पर्यवेक्षकासारखा चेहरा करून होकायंत्र धरून गेले, आणि तशाच चेहऱ्याने परत आले. रेष आखल्यासारखी सरळ. मास्कमध्ये थेंब नाही. एकदा मध्येच कासव आडवं आलं, तेही त्या चेहऱ्याकडे बघून बाजूला झालं.

दोनला दहा कमी असताना मी सही केली. टाचणीने कागद फुंकून वाळवला, माझे आभार मानायला विसरली आणि खोकी मोजत फळीवरून पळाली. पोरं तिच्यामागे. सर मात्र माझ्याजवळ घुटमळले. त्यांच्या हातातला फोन वाजत होता. त्यांनी तो पालथा धरला होता.

"त्या बेटावर रेंज असते का हो?" त्यांनी हळूच विचारलं.

"पाच दिवस अजिबात नाही," मी म्हणालो.

सरांनी फोन पिशवीच्या तळाशी टाकला, आणि फळीकडे न जाता धक्क्यावरून थेट बोटीत उडी घेतली.