केसभर आवळून

जानकीने नवऱ्याला काम करताना कधी पाहिलंच नव्हतं. गुणाजी गिरणीत फिटर आहे, एवढंच तिला चोवीस वर्षं ठाऊक होतं. घरात या माणसाने साधी खुंटी ठोकली तरी भिंतीचा पोपडा खाली यायचा. त्यात संपाला दोन वर्षं उलटली आणि गिरणी उघडायचं नाव घेईना. होळीनंतर जानकीने गावी परतायचं ठरवलं, गुणाजी "होय" म्हणाला, आणि तिने पेटी भरून कुलूप घातलं. त्यालाही दोन महिने झाले. दर आठवड्याला तो "होय, जाऊया" म्हणायचा आणि तो आठवडाही कांजूरमार्गच्या खोलीतच जायचा. शेवटी तिनेच सोमवारच्या एसटीची तिकिटं काढून आणली.

आणि नेमकं शनिवारी सकाळी गॅरेजवाल्या चंदरने गुणाजीला बोलावलं. एका जुन्या टेम्पोचा स्टार्टर काढताना त्याच्या लवू मेकॅनिकने चार सुताच्या बोल्टला तेरा नंबरचा पाना लावला होता. चार सूत म्हणजे अर्धा इंच, तेरा मिलिमीटरहून केसभर कमी. तेवढ्या फरकाने पाना घसरला, सहाही कोपरे झिजले आणि बोल्टचं डोकं गोटीसारखं गुळगुळीत झालं. तोही वरचा बोल्ट, इंजिनाच्या मागच्या फटीत, जिथे धड मनगटही वळत नाही. इंजिन न उतरवता हा काढलात तर सोमवारपासून कामावर या, असं चंदरने सांगितलं होतं.

दुपारी जानकी डबा घेऊन गेली, तेव्हा टेम्पोखालून गुणाजीचे पाय तेवढे दिसत होते. डबा ठेवून ती परतणारच होती. सहज वाकून पाहिलं आणि मग तिथेच पडलेल्या टायरवर बसून राहिली.

गुणाजीचे डोळे मिटलेले होते. करवतीच्या पात्याचा फडकं गुंडाळलेला तुकडा दोन बोटांत धरून तो बोल्टचं डोकं घासत होता, एका वेळी जेमतेम नखाएवढं. थांबायचा, बोटाच्या पेराने चाचपायचा, पुन्हा घासायचा. लवूने तिला सांगितलं की मामा समोरासमोरच्या दोन बाजू सपाट करतायत, सकाळपासून हेच चाललंय. तांदूळ निवडताना आपणही असंच न बघता खडा ओळखतो, असं जानकीला वाटलं. पण हे इतकं हलकं बोट या माणसाचं असेल, हे तिच्या स्वप्नातही नव्हतं.

मग गुणाजीने बारा नंबरचा पाना मागितला. त्याची दांडी त्याने आधीच कापून तोकडी केली होती. टकटक ठोकून पाना घट्ट बसवला. चंदरही येऊन वाकला. आता पाना घसरला तर पुन्हा पकडायला काही उरलं नसतं.

गुणाजीने पाना फिरवला, तो बोल्ट आवळायच्या दिशेने.

"मामा, वाट लावताय," लवू म्हणाला. "सोडायचाय ना?"

"आधी तेच्या मनासारख्या जरासा करूचा," टेम्पोखालून उत्तर आलं. "मगे तो सुटता."

केसभर आवळून तो थांबला. मग उलट फिरवला. कट्ट असा बारीक आवाज झाला आणि पाना सुरळीत फिरू लागला.

लवूने कान पकडले. जानकी मात्र नवऱ्याच्या त्या बोलण्यावरच अडकली होती. भांडणात आधी "होय, तुझाच खरा" म्हणणारा हाच. गावी जाऊया म्हणत दोन महिने काढणाराही हाच. आपण कुठे कुठे सुटत आलो, ते तिला आत्ता उमगत होतं. राग यायला हवा होता, थोडा आलाही. पण गुणाजी बाहेर आला, तोंड काळं, बोटं सोललेली, तळहातावर तो झिजका बोल्ट, आणि तिला त्याचा इतका अभिमान वाटला की डोळे भरून आले.

चंदरने सोमवारी आठला यायला सांगितलं. गुणाजी बायकोकडे बघत राहिला.

जानकीने डबा उघडून त्याच्यासमोर ठेवला.

"घराक गेल्यावर पेटयेचा कुलूप तेवढा काढा," ती म्हणाली. "आणि ह्या वेळेक आधी आवळू नकात."