समोरच्या आणि पाठमोऱ्या

जुन्या पुस्तकांच्या बाजारात त्याला सगळे कव्हरवाला म्हणत, आणि ते काही कौतुकानं नव्हे. साठीकडे झुकलेला हा गृहस्थ कित्येक वर्षं एकच माल विकत आला होता: खिशात मावतील अशा जुन्या रहस्यकथा. आतला कागद पिवळा पडलेला, हात लावला तर चुरा होणारा. पण वरचं चित्र हातानं रंगवलेलं, भडक, आणि अजून डोळे दिपवणारं. पिस्तूल रोखलेली बाई, छपरावरून उडी टाकणारा चोर, खिडकीत कंदील आणि कंदिलाखाली प्रेत. यातली एकही गोष्ट त्यानं शेवटापर्यंत वाचली नव्हती. शेजारचा रद्दीवाला गिऱ्हाइकांना सांगायचा, "याला खुनी कोण ते विचारू नका. खून झालाय हेच त्याला माहीत नसतं."

त्याच्या धंद्यात मालाचे दोनच ढीग. एक समोरच्यांचा आणि एक पाठमोऱ्यांचा. कव्हरवरच्या बाईचा चेहरा दिसत असला तर पुस्तक समोरच्यांत जायचं. त्याला वेगळी प्लास्टिकची पिशवी, मागं पुठ्ठा, कपाटात मानाची जागा. बाई पाठ करून उभी असली, दारातून आत बघत असली, धुक्यात चालत निघालेली असली, की ते पुस्तक पाठमोऱ्यांत. शौकीन लोक चेहऱ्याचे भुकेले, त्यांना पाठ घेऊन काय करायचं? म्हणून पाठमोऱ्या सुतळीनं बांधून गठ्ठ्यानं विकायच्या. कुणी दुकान सजवायला न्यायचा, कुणी नाटकातल्या कपाटात मांडायला. गठ्ठा गेला की कव्हरवाला हात झटकायचा. तेवढीच जागा मोकळी.

एका चित्रकाराच्या समोरच्या मात्र तो विकत नसे. सही नसली तरी त्या लगेच ओळखू यायच्या, कारण त्या सगळ्यांवर एकच बाई होती. उंच गेलेली भुवई, कपाळावर एक बट, डाव्या गालावर तीळ. कधी तिच्या हातात सुरी, कधी मोत्यांचा सर, कधी नुसताच टेलिफोन. लोकांनी मागाल ती किंमत देऊ केली, मिनतवाऱ्या केल्या, एकानं तर तोंडावर शिव्याही घातल्या. हा ढिम्म. कारण कुणाला सांगायचा नाही, आणि सांगितलं असतं तर लोक हसले असते. ती बाई म्हणजे त्याची आई होती.

आईचा घरात एकही फोटो नव्हता. चार पैसे हातात यावेत म्हणून ती दुपारी एका चित्रकाराकडे चित्राला बसायला जायची. बापाला ते परस्पर बाहेरून कळलं. असल्या पुस्तकांवर आपली बायको, या कल्पनेनंच त्यानं घर डोक्यावर घेतलं आणि लग्नाचा एकुलता एक फोटो चुलीत घातला. ती माहेरी निघून गेली आणि इकडचा राग निवायच्या आत तिथं तापानं मेली. मग बाप पुष्कळ रडला म्हणतात. रडेल नाही तर काय करेल! पण जळालेला फोटो काही रडून परत येत नाही.

हा तेव्हा तीन वर्षांचा होता आणि ताई आठ. आई हवी म्हणून तो इतका रडायचा की शेजारच्या बायकांनी दारं लावून घ्यायला सुरुवात केली. एक दिवस ताईनं त्याला कडेवर घेऊन कोपऱ्यावरच्या पेपरवाल्याकडे नेलं, टांगलेल्या एका पुस्तकाकडे बोट दाखवलं आणि म्हणाली, ती बघ आई, तुझ्याकडेच बघतेय. पोर गप्प झालं. त्यानंतर तो रडला की ताई त्याला तिथं न्यायची, आणि पुस्तक बदललं तरी आई तीच असायची. याच्या धंद्याची सुरुवात ही अशी झाली.

पुढं तो त्या चेहऱ्याशी सगळं बोलत गेला. शाळेत मार खाल्लेला, नोकरी लागलेली, नोकरी सुटलेली. लग्न झाल्यावर बायकोला सासूबाई दाखवल्या त्यासुद्धा पिस्तूल रोखलेल्या. बायको म्हणाली, माझ्यापेक्षा तरुण सासू मिळाली, आता मी काय बोलणार! पण तिनं ते पुस्तक दोन्ही हातांनी घेतलं, आणि त्या एका गोष्टीसाठी त्यानं पुढं तिची सगळी बोलणी निमूट ऐकून घेतली.

तो चित्रकार केव्हाच वारला असणार असं तो धरून चालला होता. एक दिवस चौकटी करणारा सुतार दुकानात आला, भिंतीवरचं चित्र बघून म्हणाला, हे त्या आमच्या म्हाताऱ्याचं. आहे की अजून! सुनेकडे असतो, आमच्या मागच्याच गल्लीत.  आईला पाहिलेला, तिच्याशी बोललेला, तिला तास न् तास न्याहाळलेला माणूस जिवंत होता आणि चालत जाण्याच्या अंतरावर होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय.

त्या रात्री त्यानं सगळ्या समोरच्या एका पेटीत भरल्या. म्हाताऱ्याला फार काही विचारायचं नव्हतं. ती कशी बोलायची, हसायची का, मुलांचं नाव काढायची का, एवढंच. बायको म्हणाली, अहो, सावकाश विचारा, नव्वदीचा माणूस आहे. तर हा पोरासारखा म्हणाला, "माझी ओळख दिली की त्यालाच आठवेल सगळं."

म्हातारा खिडकीशी खुर्चीत बसलेला होता, गुडघ्यांवर घोंगडी. सूनबाईनं कानाशी ओरडून सांगितलं की कुणी तुमची चित्रं घेऊन आलंय. कव्हरवाल्यानं पेटी उघडून पलंगभर पुस्तकं मांडली आणि म्हाताऱ्याचा चेहरा उजळला. कुठल्या चित्राला किती रात्री जागलो, कुठल्या प्रेताला स्वतःचा मेहुणा निजवला, प्रकाशक कसा पैसे द्यायच्या वेळी नेमका आजारी पडायचा, सगळं धडाधड बाहेर येऊ लागलं. हा ऐकत होता, हसत होता, आणि मध्ये बोलायला फट सापडते का ते बघत होता. शेवटी म्हातारा दम घ्यायला थांबला तेव्हा यानं एक पुस्तक उचलून त्याच्यासमोर धरलं.

"ही बाई तुमच्याकडे बसायला यायची. मी तिचा धाकटा."

म्हाताऱ्यानं पुस्तक जवळ घेतलं, लांब धरलं, पुन्हा जवळ घेतलं.

"ही कधी बसली नाही, बाबा. ही साबणाच्या कॅलेंडरवरची."

त्याला वाटलं म्हातारा चुकतोय. त्यानं दुसरं पुस्तक पुढं केलं, तिसरं केलं. म्हातारा सगळ्यांना नाही म्हणून मान हलवत राहिला. प्रकाशकाला तो चेहरा पसंत पडला होता म्हणे, म्हणून कॅलेंडर फळीला टाचून ठेवलं होतं. कागदाच्या चिंध्या होईपर्यंत तेच बघून काढत होतो. कव्हरवाल्यानं गालावरच्या तिळावर बोट ठेवलं. तिळानं तर तो अस्सल-नक्कल ओळखायचा. म्हातारा चक्क हसला. तो तीळ नव्हे, शाईचा डाग, दौत उपडी झाली होती. पहिल्या चित्रात नजरचुकीनं रंगवला, लोकांना आवडला, मग राहू दिला.

"मग माझी आई?" त्यानं विचारलं.

म्हाताऱ्यानं पुस्तक खाली ठेवलं. मग त्याचा आवाज उतरला.

"बसायला यायची ती वेगळी. दुपारची यायची. सारखी घाई तिला, धाकटा उठेल म्हणायची. तो तू का रे?"

 यानं मान डोलावली.

"तिची अट एकच. चेहरा काढायचा नाही. घरात मुलं आहेत, उद्या कुणी दुकानात बोट दाखवून त्यांना चिडवेल, म्हणायची. म्हणून मी तिला कायम पाठमोरी काढली. तेवढ्याच चित्रांत माझा जीव होता. कॅलेंडर बघून काय, कुणीही काढेल."

आणि मग त्या म्हाताऱ्या जिवाला उत्साह आला. म्हणाला, त्या कुठं आहेत, पाठमोऱ्या? दाखव, मी बोट ठेवून सांगतो कुठली कुठली तिची. कव्हरवाला पलंगावरच्या पसाऱ्याकडे बघत राहिला. एवढ्या सगळ्या बायका त्याच्याकडे टक लावून बघत होत्या आणि त्यांतली एकही त्याची कुणी लागत नव्हती. "त्या नाहीत आणल्या," तो म्हणाला. त्या गठ्ठ्यानं विकत आलो, हे त्याच्या तोंडून निघेना. निघताना त्यानं एवढंच विचारलं, चेहरा कसा होता तिचा? म्हाताऱ्यानं डोळे मिटून पुष्कळ आठवून पाहिलं. चेहरा काढायचा नाही म्हटल्यावर मी तिकडे बघतच नसे, तो म्हणाला. तिला ते आवडायचं नाही.

घरी न जाता तो दुकानात गेला आणि पाठमोऱ्यांचा ढीग जमिनीवर उलटा केला. त्यात त्या चित्रकाराच्या धाटणीची एकही नव्हती. कशी असणार? वर्षानुवर्षं यानंच आपल्या हातानं सुतळी बांधून दिल्या होत्या, वर गाठ पक्की आहे ना म्हणून ओढून बघितली होती. एक मोठा गठ्ठा केस कापणाऱ्यानं नेल्याचं त्याला आठवलं. त्यानं कव्हरं फाडून दुकानाची अख्खी भिंत मढवली होती. हा दुसऱ्या दिवशी सकाळी तिथं पोचला. भिंतीवर पांढऱ्या फरश्या होत्या. मालक अभिमानानं म्हणाला, कागद ओल धरत होता, खरवडून काढला सगळा, आता पाण्यानं पुसलं की झालं. कव्हरवाला हो म्हणाला, छान झालंय म्हणाला, आणि आलाच आहे तर म्हणून खुर्चीत बसून केस कापून घेतले. आरशात त्या पांढऱ्या फरश्या त्याच्या मागं दिसत होत्या. तो रडत होता आणि केस डोळ्यांत गेले म्हणून सांगत होता.

तिथून तो तसाच ताईकडे गेला. आईचा चेहरा पाहिलेली जगात आता ती एकटीच उरली होती. ताई इस्त्री करत होती. पासष्टीला टेकली तरी चादरीसुद्धा इस्त्री केल्याशिवाय घालत नसे. त्यानं बसल्या बसल्या सगळं सांगून टाकलं: म्हातारा, कॅलेंडर, साबण, शाईचा डाग.  ताईनं इस्त्री बंद केली.

"तुला माहीत होतं?" त्यानं विचारलं.

"होतं."

"इतकी वर्षं?"

"मी आठ वर्षांची होते, बाळ्या. तू रडायचा थांबेनास. आई चित्राला बसते एवढं मला ठाऊक होतं. समोर जी दिसली ती दाखवली. तू गप्प झालास, मग कसं सांगायचं?" ती चादरीची घडी करू लागली, मोडली, पुन्हा करू लागली. "मोठा झालास तेव्हा सांगणार होते. तर तू दुकानच घातलंस तिचं."

त्याला राग यायला हवा होता, पण आला नाही. कडेवर भाऊ घेऊन उन्हात चालणारी ती आठ वर्षांची पोर त्याला दिसत होती, आणि तिच्यावर कसलं रागवायचं? तो पुढं सरकून बसला. बरं झालं, तो म्हणाला, ते खोटं होतं तर होतं. आता खरी सांग. तू तर पाहिलीस तिला. डोळे कसे होते, तुझ्यासारखे की माझ्यासारखे? रंग कसा होता?

ताईनं सांगायला तोंड उघडलं.  आणि मग तिनं पदर नाही की रुमाल नाही, ती इस्त्रीची चादरच तोंडाला लावली.

"मला नाही आठवत," ती म्हणाली. "तुला दाखवता दाखवता माझाही तोच चेहरा होऊन बसला रे. आई म्हटलं की मला ती पुस्तकावरची मेलीच दिसते. मी किती प्रयत्न केले. बाबा होते तोवर त्यांना विचारायची सोय नव्हती, आणि नंतर कुणाला विचारणार?"

  मग चादर बाजूला ठेवून ताई म्हणाली की एक आठवतं, खरं, स्वतःचं. आई माहेरी निघाली तो दिवस. तू आत झोपला होतास. मी दारात उभी होते. ती कोपऱ्यापर्यंत गेली, मी म्हटलं आता वळून बघेल. ती वळली नाही. वळली असती तर तिचं पाऊल निघालं नसतं, हे मला माझी मुलं झाल्यावर कळलं. पण तेव्हा मात्र मी तशीच उभी होते.

"म्हणजे तुला पण पाठच," तो म्हणाला.

"पाठच."

त्यानं ताईचा हात हातात घेतला. इस्त्रीनं तो गरम झालेला होता.

"मग तीच सांग," तो म्हणाला. "कशी होती?"

ताई आठवू लागली. केसांची सैलशी गाठ होती, ती म्हणाली, आणि एक खांदा दुसऱ्यापेक्षा जरा खाली होता, तुला घेऊन घेऊन झाला असेल. तो पुढचं ऐकायला थांबला. पण पाठीचं असं किती सांगता येतं? ताईला त्याच्यापुढं काही आठवलं नाही.