थोराड रोप

"तो भारा हितंच ठेवा. वाफ्यात न्यायचा न्हाई," केवळाबाई नवऱ्याला म्हणाली.

वैजनाथ भारा डोक्यावर घेऊनच बांधावर उभा राहिला. कांद्याचं रोप फुकट मिळालं होतं, तेही न मागता. शेजारच्या रानाचे मालक अण्णाराव यांची लागवड उरकून रोप उरलं होतं आणि केवळाबाईनं बटईनं केलेल्या अर्ध्या एकरात चार वाफे रिकामे होते. कार्तिकातल्या अवकाळी पावसानं तिचं थोडं रोप मेलं होतं.

तिनं भाऱ्यातलं एक रोप उपसलं आणि त्याची मान चिमटीत धरली. करंगळीएवढी जाड होती.

"दसऱ्याला बी टाकलेलं हाय हे. आता मार्गशीर्षातली येळवसबी होऊन गेली. लई थोराड झालं."

"थोराड हाय तर बरंच की. लवकर पोसंल."

"पोसंल कशाचं! थोराड रोपाला थंडी लागली की त्याला वाटतं, आपलं वय झालं, लेकरंबाळं करून मोकळं व्हावं. मग गड्डा सोडून फुलाचे डेंगळे काढतं. म्हणून तर म्या दिवाळी उलटल्यावर बी टाकलं. दीड महिन्याचं कवळं रोप लावावं."

वीस वर्षं ती बायांची टोळी घेऊन रेणापूरच्या आसपास लोकांच्या रानात कांदा लावत आली होती. मालक देईल ते रोप, मालक सांगेल त्या दिवशी. कुठल्या रानात डेंगळे निघणार हे तिला लावतानाच कळायचं, पण तिला विचारतो कोण? हे रान मात्र पहिल्यांदाच तिच्या मर्जीनं चालणार होतं. ते बिघडलं असतं, तर पुन्हा कुणापुढं तोंड उघडायची सोय राहिली नसती.

भारा परत गेला. अण्णारावांना ते चांगलंच झोंबलं. ते तरातरा तिच्या बांधावर आले.

"आमचं रोप वंगाळ दिसलं व्हय, केवळे?"

"वंगाळ न्हाई, मालक. त्याचा टाइम निघून गेला."

"लई शाणी झालीस!"

चार वाफे उघडेच राहिले. येणारा-जाणारा हटकून विचारी आणि वैजनाथ खालमानेनं पुढं जाई. त्यात थंडीही कडाक्याची पडली. आतून केवळाबाईही धसकली होती. रोज सकाळी ती पाती बाजूला सारून आत कळीचं टोक दिसतं का ते बघायची.

शिवरात्रीपर्यंत अण्णारावांचं रान पांढऱ्या गोंड्यांनी भरून गेलं. केवळाबाईच्या अर्ध्या एकरात मोजून सात डेंगळे निघाले. तेही तिनं कुणी बघायच्या आत मोडून टाकले. आपलं म्हणणं खरं ठरलं, या अभिमानानं तिचा ऊर भरून आला. त्या दिवशी वैजनाथ चार माणसांना मुद्दाम रान दाखवायला घेऊन आला, तेव्हा तर तिला त्याची गंमतच वाटली.

चार दिवसांनी अण्णारावांचा निरोप आला, डेंगळे मोडायला टोळी पाहिजे. बाया म्हणाल्या, जायचं न्हाई. केवळाबाई म्हणाली, "कामाशी काय भांडण?" आणि सगळ्यांच्या पुढं चालू लागली.

दुपारी अण्णाराव बांधावर येऊन उभे राहिले.

"मोडल्यावर गड्डा भरंल का गं?"

"न्हाई, मालक. आत दांडा राहतो. साठवू नका, सडंल. काढला की इकून टाका."

अण्णारावांनी पायाशी पडलेला एक डेंगळा उचलून बघितला. मग म्हणाले, "पुढल्या साली आमचं बी रोप तूच टाक."

"टाकते. पण बी कवा टाकायचं अन् रोप कवा लावायचं, ते मी सांगन. तुम्ही न्हाई."

बायांचे हात जागच्या जागी थांबले. इतक्या वर्षांत अण्णारावांना असं कुणी ऐकवलं नव्हतं.

"बरं," ते म्हणाले. "तू म्हनशील तवा."

केवळाबाई आणखी खाली वाकली आणि पुढचा डेंगळा मोडू लागली. आपल्या तोंडावरचं हसू मालकाला दिसू नये, एवढी माणुसकी तिच्यात होती.