मालकाचं नाव

दर सोमवारी दुपारी संघटनेच्या कार्यालयातली तक्रारपेटी उघडली जायची. आई एकेक अर्ज मोठ्याने वाचायची आणि मी नोंदवहीत उतरवून घ्यायचे. मी शाळेत रसायनशास्त्र शिकवते. सोमवारी माझे तास लवकर संपतात, त्यामुळे हे काम माझ्या गळ्यात पडलं होतं. त्या दिवशी पेटीत चार अर्ज निघाले. तीन नेहमीसारखे होते. चौथा आईने उघडला, चष्मा नीट बसवला आणि वाचायला लागली.

वरचं नाव ना तिच्या ओळखीचं होतं, ना माझ्या. वय अठ्ठावन्न. काम घरकाम, राहून. किती वर्षं, तर एकतीस. तक्रार एका ओळीची होती: इतक्या वर्षांत आठवड्याची सुट्टी एकदाही मिळाली नाही. आई चुकचुकली. कोण हा महाभाग बघूया तरी, असं म्हणून तिने पत्ता वाचायला घेतला. गल्ली वाचली, इमारत वाचली, मजला वाचला. मी लिहीत होते. दाराचा क्रमांक लिहून झाला आणि तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं, की मी आमच्याच घराचा पत्ता लिहिला आहे.

आई थांबली नव्हती. सवयीने ती पुढच्या रकान्यावर गेली. ‘मालकाचं नाव’ असं छापलेल्या जागेपुढे तिचं स्वतःचं पूर्ण नाव टाइप केलेलं होतं. कुणा परक्या बाईचं वाचावं तसं तिने ते वाचलं. मग कागद टेबलावर ठेवला आणि त्याच्यावर पालथा हात ठेवला, जणू तो उडून जाणार होता.

अर्ज मावशीचा होता. मी तिला जन्मभर मावशी म्हणत आले आणि आई नुसतं ‘अगं’ म्हणत आली. तिचं पूर्ण नाव, आडनावासकट, आम्हा दोघींना माहीत नव्हतं.

माझी आई कोण, हे सांगितल्याशिवाय त्या दुपारचा धक्का कळायचा नाही. एकोणिसाव्या वर्षी ती साबणाच्या कारखान्यात कारकून होती. आजारपणाची रजा मागणाऱ्या बायकांचा अर्ज तिने लिहून दिला, आणि सगळ्यात आधी तिचीच नोकरी गेली. तिथून जी ती रस्त्यावर उतरली ती परत आत आलीच नाही. रुग्णालयातल्या आयांना बसायला स्टुलं मिळावीत म्हणून ती पाच दिवस उपाशी राहिली. नवऱ्याने टाकलेल्या बायकांना भाड्याने खोली मिळावी म्हणून घरमालकांच्या दारांत जाऊन बसली. दोनदा डोकं फुटलं, एकदा अकरा महिने तुरुंग झाला. पोलीस आपसात तिला ‘तोफ’ म्हणत. तिला ते कळलं तेव्हा तिने खुशाल त्याच नावाने एका निवेदनावर सही ठोकली होती. आता ती एकाहत्तरची होती. गेली बारा वर्षं तिने घरकाम करणाऱ्यांची संघटना बांधली होती आणि आठवड्याच्या सुट्टीचा कायदा विधिमंडळाच्या समितीपुढे नेऊन ठेवला होता. पुढच्याच महिन्यात समितीची बैठक होती.

आणि मावशी? तीही त्याच साबणाच्या कारखान्यातली. मी चार वर्षांची होते, बाबा जाऊन दोन वर्षं झाली होती. आईने तिथे संप घडवला, संप फसला, चाळीस बायकांना काढून टाकलं. त्यांतल्या एकीला राहायला जागा नव्हती. आई तिला घरी घेऊन आली. काही दिवसांपुरती, असं ठरलं होतं. तिने आमच्याकडे काम करावं असं कुणीच ठरवलं नव्हतं. हात रिकामे राहिले की तिला चैन पडत नसे, म्हणून पहिल्या दिवशी तिने भांडी घासली. दुसऱ्या दिवशी मला आंघोळ घातली. आई सभांना जायला लागली. महिनाअखेरीला आईने तिच्या हातात पाकीट ठेवलं, आणि ते पाकीट त्यानंतर एकदाही चुकलं नाही. पगाराबद्दल मावशीची तक्रारच नव्हती.

वकीलसाहेब आतल्या खोलीतून आले. हे संघटनेचे सचिव, आईचे तीस वर्षांचे सोबती. अर्ज वाचून ते खुर्चीत बसले आणि हळूच म्हणाले, की बाहेर कुणाला कळलं तर कायद्याचं मातेरं होईल. विरोधक टपूनच बसलेत. त्यापेक्षा अर्ज परत घ्यायला लावू, हवं तर ते स्वतः मावशीशी बोलतील. घरातली गोष्ट घरात राहावी.

आईने त्यांच्याकडे पाहिलं. “हे वाक्य मी पन्नास वर्षं मालकांच्या तोंडून ऐकत आले आहे,” ती म्हणाली. मग माझ्याकडे वळून तिने मला नोंद पूर्ण करायला सांगितली. सुनावणी गुरुवारी.

घरी जाताना जिन्यावर तिने माझा दंड धरला. एरवी ती कुणाचा आधार घेत नसे.

दार मावशीनेच उघडलं. नेहमीसारखी आईची पिशवी घेतली, चपला सरळ करून ठेवल्या. स्वयंपाकघरातून फोडणीचा वास येत होता. आई दारातच उभी राहिली आणि मला तुझ्याशी बोलायचं आहे, असं म्हणाली. मावशीचा आवाज नेहमीपेक्षा वर गेला नाही की खाली आला नाही. संघटनेच्या शाखेत अर्ज टाइप करून देणाऱ्या मुलीने तिला बजावलं होतं, तेच तिने सांगितलं: सुनावणी होईपर्यंत तक्रारीबद्दल मालकाशी एकटीने बोलायचं नाही, दबाव येतो.

तो नियम आईनेच केला होता.

पुढचे तीन दिवस मी आयुष्यात विसरणार नाही. एकाच घरात आम्ही तिघी, आणि तोंडात मिठाची गुळणी. मावशी पाचला उठायची, झाडायची, रांधायची, आईच्या गोळ्या काढून ठेवायची. आई ताट उचलून मोरीकडे निघाली तर मावशी ते हातातून काढून घ्यायची. रागाने नव्हे, जे काम आहे ते आहे, अशा रीतीने. मंगळवारी आई कोठीच्या खोलीत गेली. तिथे धान्याचे डबे, जुने फलक, पत्रकांचे गठ्ठे, आणि या सगळ्याच्या मधोमध मावशीची अरुंद खाट. फलकांसाठी जागा कमी पडली तेव्हा खाट भिंतीला सरकवली गेली होती. सरकवायला मीच हात लावला होता. आई बराच वेळ तिथे उभी होती. मग बाहेर आली. तिने मला विचारलं, या खोलीला खिडकी नाही हे तुला माहीत होतं का? होतं. तिलाही होतं. माहीत असणं आणि दिसणं यांत केवढी दरी असते, हे मला त्या दिवशी कळलं.

गुरुवारी कार्यालयात संघटनेच्या तक्रार समितीचे तीन सदस्य बसले. मधल्या खुर्चीवर, आईच्या नेहमीच्या जागी, निवृत्त नर्सबाई होत्या. आई समोरच्या बाकावर बसली, जिथे मालकांना बसवतात. तो बाक मुद्दामच बुटका ठेवलेला होता. त्यावर बसलं की समोरच्याकडे मान वर करून बघावं लागतं. मावशी इस्त्री केलेल्या कपड्यांत आली होती. हातात काहीच नव्हतं.

नर्सबाईंनी अर्जातला एक रकाना वाचला. मालकाशी आधी बोललात का? उत्तर होतं: हो, तीनदा. ते सविस्तर सांगा, असं त्या म्हणाल्या.

मावशीने सांगितलं. पहिल्यांदा, आई तुरुंगातून सुटून आली त्या आठवड्यात. अकरा महिने मावशीने मला एकटीने सांभाळलं होतं, माझं गोवराचं आजारपण काढलं होतं, दर पंधरा दिवसांनी मला तुरुंगाच्या फाटकापर्यंत नेऊन आणलं होतं. आता आठवड्यातला एक दिवस मिळावा, असं ती म्हणाली. घरात भेटायला आलेल्यांची गर्दी होती. आईने तिला मिठी मारली आणि सगळ्यांना सांगितलं, हिच्यामुळे मी लढू शकले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सुट्टीचं राहून गेलं.

दुसऱ्यांदा, संघटना काढली त्या वर्षी. आई घरी भाषणाचा सराव करत होती, आठवड्याची सुट्टी हा हक्क आहे, वगैरे. मावशी दाराशी उभं राहून ऐकत होती. मलापण का, असं तिने विचारलं. आईला ती चेष्टा वाटली. ती हसली आणि म्हणाली, तू काय कामवाली आहेस का, तू तर घरचीच.

मला ते हसणं आठवलं. मीही हसले होते.

“तिसऱ्यांदा दोन वर्षांपूर्वी,” मावशी म्हणाली. “माझ्या बहिणीला विसरायचा आजार झाला. मी दर बुधवार मागितला. बाई म्हणाल्या, जा की, तुला कोण अडवतंय? त्या बुधवारी बाहेरगावचे बारा कार्यकर्ते जेवायला आले. पुढच्या बुधवारी बैठक होती. नंतर मी विचारलं नाही. आता ती मला ओळखत नाही. ओळखत होती तेव्हा बुधवार मिळाला नाही.”

मी तिन्ही वेळा नोंदवहीत उतरवून घेतल्या.

मग नर्सबाईंनी अचानक मला विचारलं, की मी त्या घरात वाढले, तर मावशी सुट्टीवर गेल्याचा एखादा दिवस मला आठवतो का? मी आठवायला लागले. माझ्या परीक्षा, माझं लग्न, ते मोडल्यावर माझं परत येणं, आईचं डोकं फुटलेलं. प्रत्येक दिवशी मावशी तिथे होती. एकही दिवस असा सापडला नाही. आजवर मी स्वतःला या प्रकरणात त्रयस्थ समजत होते.

आईला तिचं म्हणणं विचारलं. ती उठून उभी राहिली, जे मालक कधी करत नाहीत.

“तक्रार खरी आहे,” ती म्हणाली. “त्या तीनही वेळा मला आत्ता आठवल्या. त्याआधी एकही आठवत नव्हती. याहून जास्त माझ्याकडे सांगण्यासारखं काही नाही.”

समितीने निर्णय दिला: बुधवारची सुट्टी, खिडकी असलेली खोली, लेखी करार. इतर निर्णयांसारखाच हाही कार्यालयाच्या सूचनाफलकावर लावला जावा, असा आग्रह आईने धरला. वकीलसाहेबांनी डोक्याला हात लावला. दोन दिवसांत वर्तमानपत्रात आलं. बोलणाऱ्यांचं काय, त्यांच्या तोंडाला कुलूप कोण लावणार? ‘लोका सांगे ब्रह्मज्ञान’ म्हणत जुने शत्रू हसले, आणि जुने मित्र फोन उचलेनात. आईने संघटनेचं अध्यक्षपद सोडलं. वकीलसाहेबांना वाटलं, आता कायदा बुडाला.

विधिमंडळाच्या समितीच्या बैठकीला मात्र ती गेली. कामगारांच्या बाजूने नाव घालायचं की तज्ज्ञांच्या, असं तिथल्या कारकुनाने विचारलं तेव्हा तिने मालकांच्या रांगेत घालायला सांगितलं. मी मागे बसले होते. तिने एकही घोषणा दिली नाही. आपण वाईट माणूस नव्हतो, पगार वेळेवर दिला, कधी हात उगारला नाही, आणि तरी एकतीस वर्षं एका बाईचा रविवार खाल्ला, एवढंच ती बोलली. चांगुलपणावर सोडलं तर काय होतं हे मी करून दाखवलं आहे, म्हणून कायदा हवा, असं म्हणून ती खाली बसली. विरोधकांपैकी टपून बसलेल्या एका सदस्याने प्रश्नांची यादी आणली होती. त्याने ती उघडलीच नाही.

पाच महिन्यांनी कायदा झाला. दंडाचं कलम गाळून, पण झाला.

मावशी तोपर्यंत राहिली नव्हती. तिने तीन बुधवार घेतले आणि चौथ्या आठवड्यात बहिणीच्या वस्तीत खोली बघितली. आईने तिला राहा म्हटलं नाही. ते म्हणायचा हक्क आपल्याला नाही, असं तिला वाटलं असावं. निरोपाच्या दिवशी मात्र तिने विचारलं, इतकी वर्षं तू मला शिव्या का दिल्या नाहीस? मावशी पिशवीची गाठ मारत होती. “बाई, तुम्ही बाहेर जे करत होता ते मला पटत होतं,” ती म्हणाली. “म्हणून तर अर्ज तुमच्याच पेटीत टाकला. दुसऱ्या कुणी तो वाचलाच नसता.”

आईने मान हलवली आणि तिची पिशवी खाली रस्त्यापर्यंत नेऊन दिली. आता ती आठवड्यातले चार दिवस कार्यालयात खालच्या टेबलावर बसून लोकांचे अर्ज लिहून देते. नाव विचारते तेव्हा पूर्ण विचारते, आडनावासकट, आणि ते बरोबर लिहिलं का, हे समोरच्या बाईला वाचून दाखवते.